होळी ते मे अखेर: नाटक कुठे बघायचं, शिबिर कसं निवडायचं

होळी जवळ आली की मी दोन कॅलेंडरं शेजारी शेजारी ठेवून बसते, एक भिंतीवरचं तिथीवालं आणि दुसरं शाळेचं परीक्षांचं. आपल्याकडे वसंतातलं सगळं नाटक ह्या दोनांवर चालतं. शिमगा, जत्रा, यात्रा हे तिथीवर, आणि शहरातली बालनाट्यं, शिबिरं, सुट्टीतले जादा प्रयोग हे शाळा कधी सुटते त्यावर. हे एकदा डोक्यात बसलं की अर्धं काम झालं. नाहीतर दरवर्षी तेच होतं, मे महिन्याच्या दहा तारखेला कुणालातरी आठवतं की अरे पोरांना कुठेतरी घालायला हवं होतं, तोवर चांगली शिबिरं भरलेली असतात आणि जत्रा उरकलेल्या असतात.

मी पुण्यात बरीच वर्षं एका हौशी ग्रुपबरोबर काम करतेय, जास्त करून पडद्यामागे, कपडेपट आणि प्रॉपर्टी बघते. माहेर कुडाळजवळचं, त्यामुळे एसी नाट्यगृह आणि देवळासमोरचं अंगण दोन्ही लहानपणापासून बघत आलेय. एक गोष्ट आधीच सांगते कारण पुढचं सगळं तिच्याभोवतीच आहे: नुसतं बघू नका आणि नुसतं शिबिरात घालू नका, दोन्ही जोडीने करा. आधी एक प्रयोग, मग शिबिर, मग परत प्रयोग. माझा नऊ वर्षांचा भाचा पहिल्यांदा नाटकाला आला तेव्हा मध्यंतर कधी, एवढं एकच विचारत होता. मग आठवडाभराच्या शिबिरात त्याने बॅटरीवर रंगीत जिलेटीन पेपर लावून लाईट दिले, आणि नंतरच्या नाटकाला अंधारात माझ्या कानाशी येऊन म्हणाला, मावशी, निळा लावला म्हणजे रात्र झाली ना. मोठ्यांचंही असंच होतं, फक्त ते कानात येऊन सांगत नाहीत.

आधी तारखा

कोकणात फाल्गुन शुद्ध पंचमीपासून शिमग्याचे दिवस लागतात आणि काही गावांत पालखी अगदी पाडव्याच्या आसपासपर्यंत फिरत असते. रत्नागिरी जिल्ह्यात ह्याच दिवसांत नमन-खेळे बघायला मिळतात, आधी गण म्हणजे गणपतीचं स्तवन, मग कृष्ण-गौळणींची गवळण, मग मुखवट्यातला संकासुर आणि पुढे वगनाट्य, म्हणजे सलग गोष्टीचं नाटक. गोव्यात सत्तरी तालुक्यात शिगम्याला रणमाले हे लोकनाट्य होतं, ते बघायला मिळालं तर सोडू नका.

विदर्भातल्या झाडीपट्टीत जायचं असेल तर उशीर करून अजिबात चालत नाही. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया ह्या धानाच्या पट्ट्यातला नाटकांचा सीझन दिवाळीनंतर सुरू होतो आणि होळीपर्यंत संपत येतो, म्हणजे वसंत लागता लागताच जायला हवं. वडसा, म्हणजे देसाईगंज, हे त्याचं केंद्र, नाटक कंपन्यांची ऑफिसं तिथे आहेत आणि गावोगावचे लोक तिथे येऊन नाटक ठरवून जातात. कापणी झालेल्या शेतात मंडप, रात्री उशिरा पडदा उघडणार आणि पहाटेपर्यंत चालणार. तिथले ज्येष्ठ कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा पुण्या-मुंबईतल्या कितीतरी नाटकवाल्यांनी झाडीपट्टी हा शब्द पहिल्यांदा ऐकला, ह्याचं मला खरंच वाईट वाटलं होतं.

२७ मार्चला जागतिक रंगभूमी दिन असतो, १९६२ पासून पाळला जातो. आपला मराठी रंगभूमी दिन वेगळा, तो ५ नोव्हेंबरला, दोन्हींची गल्लत होते म्हणून सांगितलं. २७ मार्चच्या आसपास लहान ग्रुप अभिवाचन, एकांकिका, गप्पांचे कार्यक्रम ठेवतात आणि ते बरेचदा फुकट असतात, फक्त जाहिरात मोठी नसते, नाट्यगृहाच्या पोर्चमधला बोर्ड नाहीतर ग्रुपचं इन्स्टाग्राम एवढंच.

पाडव्यानंतर तमाशाचा जोर, एप्रिलच्या मध्यापासून शहरात बालनाट्यं आणि शिबिरं, आणि मे महिन्यात दोन्ही एकदम. ढोबळ मानाने झालं तर हे असं.

शहरातलं नाटक

ज्यांनी कधीच तिकीट काढलं नाही त्यांच्यासाठी सांगते. बुक माय शो आहे, मराठी नाटकांसाठी तिकीटालय हे ॲप आहे, आणि नाट्यगृहाची खिडकी अजूनही आहे. शनिवार-रविवारच्या मराठी पेपरातलं नाटकाच्या जाहिरातींचं पान मी अजून कापून फ्रीजवर लावते, कारण ॲपवर एकेक नाटक शोधावं लागतं आणि पेपरात गावातला आख्खा आठवडा एका नजरेत दिसतो. त्यात ‘रवि. दु. ४’ असं लिहिलेलं असतं, म्हणजे रविवारी दुपारी चार. खाली फोन बुकिंगचा नंबर असतो, घरातल्या आजी-आजोबांना तोच मार्ग सगळ्यात सोपा पडतो. खिडकीवर गेलात तर सीटचा चार्ट समोर दिसतो आणि आतल्या माणसाला विचारता येतं, की आई पायऱ्या चढू शकत नाही, कोणती रांग देऊ? हे ॲपला विचारता येत नाही.

सीट म्हणाल तर मोठ्या नाट्यगृहात पाचवी ते दहावी रांग, मधल्या भागात. पहिल्या रांगेची हौस करू नका, मान वर करून बघावं लागतं आणि नेपथ्य पूर्ण दिसत नाही. लहान मूल बरोबर असेल तर कडेची सीट घ्या, मध्येच उठायला लागलं तर आख्खी रांग उठवावी लागणार नाही. बाल्कनीत तिकीट स्वस्त आणि चित्र छान दिसतं पण चेहरे दिसत नाहीत, त्यामुळे गाणी-नाच असलेल्या नाटकाला बाल्कनी चालते, दोन माणसांच्या बोलण्यावर चाललेल्या नाटकाला नाही.

पुण्यात बालगंधर्व रंगमंदिर (१९६८ मध्ये सुरू झालेलं), कोथरूडचं यशवंतराव चव्हाण नाट्यगृह, टिळक स्मारक, भरत नाट्य मंदिर, चिंचवडला रामकृष्ण मोरे प्रेक्षागृह ही मोठ्या नाटकांची ठिकाणं. मुंबईकडे दादरचं शिवाजी मंदिर, माटुंग्याचं यशवंत, पार्ल्याचं दीनानाथ, बोरिवलीचं प्रबोधनकार ठाकरे, ठाण्याचं गडकरी रंगायतन, डोंबिवलीचं सावित्रीबाई फुले. शिवाजी मंदिरला मध्यंतरात बटाटावडा खायचा असेल तर पडदा पडायच्या आधी मनाची तयारी ठेवा, रांग लगेच लागते. निघायच्या आधी नाट्यगृह चालू आहे ना, ते नक्की बघा, दुरुस्तीसाठी महिनोन्महिने बंद राहणारी नाट्यगृहं आपल्याकडे कमी नाहीत. कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह तर ऑगस्ट २०२४ मध्ये आगीत जळालं, शाहू महाराजांच्या काळात उभं राहिलेलं. त्या रात्रीचे व्हिडिओ मला शेवटपर्यंत बघवले नाहीत.

पण माझा जीव लहान जागांमध्ये जास्त. पुण्यात शनिवार पेठेतलं सुदर्शन रंगमंच, हिराबागेजवळचं ज्योत्स्ना भोळे सभागृह, एरंडवण्यातलं द बॉक्स, मुंबईत रवींद्र नाट्य मंदिरचं मिनी थिएटर आणि जुहूचं पृथ्वी, तिथे तर साधारण २०० च सीट. अशा जागी नट तुमच्यापासून पाच-सात फुटांवर असतो, त्याचा श्वास ऐकू येतो, घाम दिसतो. बऱ्याच ठिकाणी सीटनंबर नसतो, आधी येईल तो आधी बसेल, म्हणून अर्धा तास आधी जा. तिसऱ्या घंटेनंतर दार बंद म्हणजे बंद, पृथ्वीला तर ह्यात कुणाचीच गय होत नाही, आणि ते बरोबरच आहे. ट्रॅफिक सांगून उपयोग नाही.

नाटक नवीन असेल तर कधी बघायचं? व्यावसायिक नाटक पंधरा-वीस प्रयोग झाल्यावर बघावं असं मला वाटतं, तोवर लय बसलेली असते, कुठे हशा येतो आणि कुठे थांबायचं हे नटांना कळलेलं असतं. प्रायोगिक नाटक मात्र पहिल्या संधीला बघा, त्याचे पुढचे प्रयोग होतील न होतील.

मुलांसाठी नाटक निवडताना फक्त पोस्टरवरची चेटकीण बघू नका. चेटकिणीबद्दल माझी तक्रार नाही, परी-राक्षसांची नाटकं मी स्वतः हावरटासारखी बघितलीत. सुधा करमरकर यांनी १९५९ मध्ये लिटल थिएटर काढून मुलांसाठी नीट देखणं, मोठ्यांच्या नाटकाइतक्या मेहनतीने केलेलं नाटक उभं केलं, तिथून ही परंपरा आलीय. पण दुसरीही एक वाट आहे. बर्लिनच्या ग्रिप्स थिएटरची पद्धत १९८६ मध्ये मोहन आगाशे यांनी पुण्यात आणली, त्यात जादू नसते, मुलांचे खरे प्रश्न असतात, आईबाबांची भांडणं, शाळेतली दादागिरी, एकटेपण, आणि मुलांची कामं मोठी माणसं करतात. सात-आठ वर्षांच्या पुढच्या मुलाला दोन्ही प्रकारचं एकेक नाटक दाखवा आणि घरी येताना कोणतं आवडलं एवढंच विचारा, काय शिकलास हे विचारू नका. पाच-सहा वर्षांखालच्यांना घेऊन जाताना वयाची अट आधी बघून घ्या, आणि अंधाराची भीती असेल तर दुपारचा प्रयोग घ्या म्हणजे बाहेर आल्यावर उजेड असतो.

खर्च परवडत नसेल तर राज्य नाट्य स्पर्धा बघा. सांस्कृतिक कार्य संचालनालय ती घेतं, तिकीट अगदी नाममात्र असतं, आणि बँकेत, शाळेत, दवाखान्यात नोकरी करून रात्री तालीम करणारे लोक तिथे जीव तोडून काम करतात. प्राथमिक फेऱ्या हिवाळ्यात निरनिराळ्या केंद्रांवर होतात, अंतिम फेरी बरेचदा उन्हाळा लागता लागता. प्रेक्षक कमी असतात, तुम्ही गेलात तर त्यांना फार बरं वाटेल, हे मी त्या बाजूला उभी राहिलेली बाई म्हणून सांगतेय.

रात्रभराचं नाटक

दशावताराबद्दल मी जरा जास्त लिहिणार आहे, सांभाळून घ्या. सिंधुदुर्गात आणि गोव्याच्या उत्तर भागात जत्रांचा सीझन कार्तिकापासून चालू होतो, तो पावसाच्या तोंडापर्यंत काही ना काही चालूच राहतं. मे महिन्यात चाकरमानी गावी आले की सत्यनारायणाच्या पूजेला, वर्धापनदिनाला, वाडीतल्या मंडळाच्या कार्यक्रमाला दशावतारी नाटक ठेवतात, रस्त्यात बॅनर दिसतात, ‘ट्रिकसीनयुक्त पौराणिक नाटक’ असे. गावातल्या कुणालाही विचारा, आज खंय नाटक आसा काय, लगेच उत्तर मिळेल. तिकीट बहुतेक ठिकाणी नसतंच.

ह्यात छापील संहिता नसते. आज कोणतं आख्यान लावायचं हे मंडळी संध्याकाळी ठरवतात, कथा पुराणातली म्हणून सगळ्यांना माहीत, पण संवाद मात्र उभ्या उभ्या रचायचे. म्हणजे दोन राजे समोरासमोर आले की तो एक प्रकारचा वाद असतो, समोरचा काय बोलेल ते माहीत नाही आणि तरी उत्तर तयार हवं, तेही शुद्ध भारदस्त मराठीत, मग मध्येच विनोदी पात्र मालवणीत येतं आणि लोक लोळतात. साथीला पायपेटी, मृदंग आणि झांज. बायकांची कामं पुरुष करतात आणि इतकी सुंदर करतात की माझ्या आजीला साडीची निरी कशी धरायची हे दशावतारातल्या राणीकडून शिका असं वाटायचं.

तर नीट बघायचं कसं. संध्याकाळीच पोचा. रंगायचं काम देवळाच्या पडवीत नाहीतर शाळेच्या खोलीत चालतं, प्रत्येक जण आपला चेहरा आपणच रंगवतो, समोर छोटा आरसा आणि पत्र्याची पेटी. सुरुवातीला पेटाऱ्यातल्या गणपतीची पूजा होते. लांबून बघायला सहसा कुणी नाही म्हणत नाही, पण फोटो काढायच्या आधी विचारा, आणि रंगवून बसलेल्या माणसाला सेल्फीसाठी उठवू नका, त्या वेळी तो मनात आख्यान लावत असतो. मग बसायला जागा पायपेटीच्या बाजूची धरा. तिथून नट आणि पेटीवाले एकमेकांना नजरेने कसं सांगतात ते दिसतं, आता पद घेतोय, आता थांबव, आता युद्ध. हे एकदा दिसायला लागलं की झोप उडते. सोबत चटई, पातळ शाल (हो, मे महिन्यात सुद्धा पहाटे लागते), पाणी, आणि नट आवडला तर द्यायला सुटे पैसे. लोक मंचावर जाऊन बक्षीस देतात, तुम्हीही द्या, लाजू नका. मुलांना झोप आली तर तिथेच आडवं करा, आम्ही सगळे तसेच मोठे झालो. जत्रेतल्या नाटकाला शेवटी सकाळी दहीकाला असतो, तिथपर्यंत थांबलात तर खरं.

तमाशाचं वेगळं. त्याच्यासाठी पुणे जिल्ह्यात नारायणगावला जा, तमाशासम्राज्ञी विठाबाई नारायणगावकरांचं गाव. पाडव्याच्या आसपास तिथे तमाशा फडांच्या राहुट्या लागतात, प्रत्येक राहुटीबाहेर फडाच्या नावाचा बोर्ड, आणि गावोगावचे यात्रा कमिटीवाले येऊन आपल्या यात्रेच्या तारखेला कोणता फड, किती रकमेत, हे ठरवतात, त्याला सुपारी देणं म्हणतात. नुसतं जाऊन हे बघण्यासारखं आहे, पण त्याहून उपयोगाचं म्हणजे कोणता फड कोणत्या तारखेला कुठल्या गावात आहे ते तिथेच कळतं. मग त्या गावच्या यात्रेला जायचं. ढोलकी फडाचा तमाशा बघा, म्हणजे गण, गवळण, बतावणी (विनोदी संवाद), रंगबाजी (लावण्या) आणि मग वग असं सगळं मिळेल, संगीत बारी हा वेगळा, मुख्यतः लावणीचा प्रकार आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी यात्रेत हजेरी असते, तो छोटा कार्यक्रम असतो आणि ज्यांना रात्री जमत नाही त्यांना बरा पडतो. बायकांनी जावं का, असं मला दरवेळी विचारतात. मी जाते, चार-पाच जणी मिळून जातो, यात्रा कमिटीला आधी सांगतो, बसायची सोय नीट होते. गर्दी वाढली आणि शिट्ट्यांचा सूर बिघडला तर उठून यायची मोकळीक आपल्याला असतेच.

शिबिर निवडताना

आता ज्याच्यासाठी सगळे फोन करतात ते. शिबिराची चौकशी परीक्षा चालू असतानाच करून ठेवा, मार्चच्या शेवटी, कारण बरी शिबिरं मुलं मोजून घेतात आणि ती लवकर भरतात. पुण्यात नाट्यसंस्कार कला अकादमीसारख्या मुलांच्या नाटकातच मुरलेल्या संस्था आहेत, मुंबईत पृथ्वीला उन्हाळ्यात मुलांच्या कार्यशाळा आणि नाटकं दोन्ही असतात. तुमच्या गावात कोण चांगलं आहे हे शोधायचं तर राज्य बालनाट्य स्पर्धेत तिथून कोणते ग्रुप उतरतात ते बघा आणि त्यांना फोन करा.

फोनवर काय विचारायचं? पहिला प्रश्न, एका बॅचला मुलं किती आणि शिकवणारे किती. मी एकदा ओळखीच्या एका मुलीला ज्या शिबिरात घातलं तिथे एका हॉलमध्ये साठ मुलं होती आणि एक ताई माईकवर. दहा दिवस त्या मुलीने झाडाचं काम केलं, झाड होऊन उभी राहिली, आणि शेवटच्या दिवशी पालकांसमोर ड्रेपरीवाल्याकडच्या भाड्याच्या कपड्यात परत झाडच. त्यानंतर ती दोन वर्षं नाटकाचं नाव काढत नव्हती. चूक माझीही होती, मी आत जाऊन बघितलंच नव्हतं.

म्हणून दुसरा प्रश्न, शेवटच्या दिवशी काय दाखवणार. ‘भव्य सादरीकरण’ असं उत्तर आलं तर जरा सावध. तयार नाटक पहिल्याच दिवशी वाटून दिलं की उरलेले दिवस पाठांतरात जातात, ज्याला चांगलं बोलता येतं त्याला मुख्य काम आणि जो लाजतो तो मागे. त्यापेक्षा ‘आम्ही मुलांबरोबर गोष्ट रचतो आणि जे तयार होईल ते दाखवतो’ असं कुणी म्हणालं तर तिथे घाला, शेवट ओबडधोबड दिसेल पण मुलाचं त्यात काहीतरी स्वतःचं असेल. खूप छोट्या मुलांना तर शेवटी काही दाखवायची गरजच नाही.

तिसरं, वयाचे गट वेगळे आहेत का. सहा वर्षांचं आणि तेराचं एकत्र खेळत नाही, म्हणजे घरी खेळतं पण शिबिरात तेराचं लाजतं. चौथं, पडद्यामागचं काही शिकवतात का, मुखवटे, प्रॉपर्टी, लाईट, आवाज. सगळ्यांना नट व्हायचं नसतं. आमच्या ग्रुपमध्ये आज जो मुलगा प्रकाशयोजना करतो तो शिबिरात आला तेव्हा स्टेजवर पाय ठेवायला तयार नव्हता, त्याला स्विचबोर्डजवळ बसवलं आणि तो तिथला झाला. आणि साध्या गोष्टी विचारायला संकोच करू नका: पंखे आहेत का, पाणी, स्वच्छ बाथरूम, पोराला लागलं तर काय करता, न्यायला कोण येणार ह्याची नोंद ठेवता का. मेच्या उन्हात पत्र्याच्या हॉलमध्ये दुपारी बारा ते तीनची बॅच असेल तर कितीही मोठं नाव असलं तरी मी घालणार नाही.

जमलं तर एक तास बसून बघायची परवानगी मागा. आत गेल्यावर बघायचं एवढंच, की मुलं बोलतायत का फक्त ताई-दादा बोलतायत. चांगल्या शिबिरात गोंधळ असतो. आरशाचा खेळ चालू असेल, दोघं समोरासमोर, एक हलतो तसा दुसरा हलतो, मग हळूहळू कोण कुणाच्या मागे जातंय हेच कळेनासं होतं. टाळी वाजली की जिथे आहे तिथे पुतळा. एक काठी फिरत फिरत येते आणि ती प्रत्येकाच्या हातात वेगळी होते, बासरी, बंदूक, आजोबांची काठी, वल्हं. ह्या खेळांना वरून अर्थ दिसत नाही, पण समोरच्याकडे लक्ष देणं ही नटाची पहिली गोष्ट त्यातूनच येते, आणि दशावतारातले ते दोन राजे जे करतात ते ह्याच्याच पुढचं आहे.

मोठ्यांसाठीही शिबिरं असतात, शनिवार-रविवारची, अभिनय, आवाज, लेखन, अभिवाचन अशी. नोकरी करणाऱ्यांनी सलग दोन महिन्यांचं घेण्याआधी दोन दिवसांचं करून बघा. ‘कॅमेऱ्यासमोर संधी’ असं आमिष दाखवणाऱ्यापासून लांब राहा आणि पोर्टफोलिओचे पैसे वेगळे मागितले तर सरळ उठून या.

नाटकाच्या बाहेरचं पण नाटकाला लागून असलेलं काही करायचं असेल तर कुडाळजवळ पिंगुळीला जा. ठाकर समाजाची कळसूत्री बाहुल्यांची, चामड्याच्या बाहुल्यांची आणि चित्रकथीची, म्हणजे चित्रं दाखवत गोष्ट सांगण्याची, परंपरा तिथे आहे, परशुराम गंगावणे यांनी ठाकर आदिवासी कला आंगण ह्या नावाने घराच्या आवारात संग्रहालय उभं केलं, २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. बाहुलीचे दोर हातात घेऊन बघा, दोन मिनिटांत कळतं की ती चालण्याआधी तिला उभं कसं ठेवायचं हेच किती कठीण आहे. तसंच पुढे सावंतवाडीला राजवाड्यात गंजिफा, म्हणजे खेळायचे जुने गोल पत्ते, रंगवणारे कारागीर काम करताना दिसतात, आणि रात्री कुठेतरी दशावतार असेलच. दोन दिवसांची ट्रिप ह्याच्यात मस्त बसते, आंबे-फणस धरून.

घरच्या घरी

गावात ह्यातलं काहीच नसेल किंवा पैसे, वेळ, म्हातारी माणसं ह्यामुळे बाहेर पडणं होत नसेल तर गच्चीवर अभिवाचन करा. पाच-सहा जण पुरे. लायब्ररीतून एकांकिकांचं पुस्तक आणा, कमी पात्रांची निवडा, झेरॉक्स काढून प्रत्येकाने आपले संवाद रंगीत पेनाने अधोरेखित करायचे. एकाने फक्त रंगसूचना वाचायच्या, हे काम आजोबांना द्या, ते फार छान करतात. पहिलं वाचन सपाट होऊ दे, कुणी आवाज बदलायचा नाही, फक्त गोष्ट कळू दे. मग पंधरा मिनिटं पन्हं प्यायचं आणि कोण कुणाशी खोटं बोलतंय एवढ्यावरच गप्पा मारायच्या. दुसरं वाचन आपोआप वेगळं होतं, करून बघा. तिसऱ्याला शेजाऱ्यांना बोलवा. लहान मुलं दाराची बेल, पाऊस, फोन असे आवाज काढतील, वाटीत तांदूळ हलवले की पाऊस होतो.

घरात वाचायला कुणाची परवानगी लागत नाही. पण हेच सोसायटीच्या बाहेर, तिकीट लावून, नाटक म्हणून करायचं ठरवलंत तर लेखकाची नाहीतर त्यांच्या वारसांची लेखी परवानगी घ्या, मानधन ठरवा, आणि महाराष्ट्रात जाहीर प्रयोगासाठी संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे पाठवून प्रमाणपत्र घ्यावं लागतं, ते आधी बघा. त्याला वेळ लागतो, म्हणून गणपतीत करायचं असेल तर मे महिन्यातच कागद हलवायला घ्या. ह्या वर्षी आमच्या सोसायटीत तेच चाललंय, एकांकिका ठरलीय, लेखकाच्या मुलीचं होकाराचं पत्र आलंय, आणि रविवारी संध्याकाळी सहाला गच्चीवर पहिलं वाचन आहे.